पोकळीचा पत्ता

नळस्टॉपचा सिग्नल हिरवा झाला. मी क्लच सोडत एक्सिलेटरवर पाय ठेवला आणि गाडीनं आवंढा गिळला.

दुसरा शब्द नाही. बिघडलेल्या गाडीसाठी आपल्याकडे शब्दांची ददात नाही. गाडी मिसिंग करते, झटके मारते, आचके देते, पिकअप घेत नाही, दम सोडते. यातलं तिनं काहीच केलं नाही. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून आपण पाय टाकतो आणि ती नसते, तेव्हा पोटात जे होतं ते माझ्या मारुतीला झालं. क्षणभर इंजिन नव्हतंच. मग एक हिसका बसला आणि गाडी मुकाट चालू लागली. पुढे कोथरूडपर्यंत तक्रार म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच सिग्नलला आवंढ्यावर भागलं नाही. गाडी बंद पडली. एसी चालू होता, हिच्या हातात लग्नाच्या आहेराची पिशवी होती आणि मागं अर्धं पुणं होतं. एक रिक्षावाला हॉर्न न वाजवता शेजारी आला. त्यानं मान बाहेर काढून आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, आता घरी बसवा. वय झालं." कोणाचं, ते न सांगता तो निघून गेला.

वयाचं म्हणाल तर गाडी १९९६ची. मारुती ८००, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटर. पहिली मारुती १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि शेवटची २०१४च्या जानेवारीत कारखान्यातून बाहेर पडली, म्हणजे वंशावळीत आमची मध्याच्या जरा अलीकडची. आरटीओत जाऊन तिची पुन्हा नोंदणी करून आणतो, हरित कर भरतो, आणि एवढ्या खर्चात माणसं सिमल्याला जाऊन येतात हे दरवेळी ऐकून घेतो. गाडी विकायची नाही यामागं माझं एक तत्त्व आहे. तिचं बॉनेट उघडलं की आत काय आहे ते दिसतं. हल्लीच्या गाड्यांचं बॉनेट उघडलं की आत काळ्या प्लॅस्टिकचं आणखी एक बॉनेट असतं.

हे 'दिसतं' प्रकरणच मला नडलं.

झालं असं, की आमच्या नातलगांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश आला. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल जुन्या गाड्यांचं रबर खातं, तरी सर्वांनी काळजी घ्यावी, खाली हात जोडलेले, त्याखाली गुलाबाचं फूल. आता हा संदेश, त्या ग्रुपवरचे बाकीचे संदेश पाहता, आश्चर्यकारकरीत्या खरा होता. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही, पेट्रोलचा पाइप हळूहळू कडक होतो, तडकतो. त्यातून गळती झाली तर प्रकरण आगीवर जातं. म्हणून रविवारी सकाळी मी बॉनेट उघडलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि रबर शोधू लागलो. कार्बोरेटरच्या आसपास करंगळीहून बारीक काळ्या नळ्या होत्या. दाबून पाहिल्या तर सुकलेल्या शेवग्याच्या शेंगेसारख्या कडक. दोन्ही टोकांना भेगा. इथेनॉलनं खाल्लेलं रबर हेच, अशी माझी खात्री पटली.

मी दुचाकीवर नाना पेठेत गेलो, त्याच जाडीची दीड मीटर नळी आणली, घरच्या कात्रीनं तुकडे केले, जुन्या नळ्या सगळ्या एकदम उपटल्या आणि नव्या बसवल्या. क्लिपा मिळाल्या नाहीत म्हणून तांब्याची तार पिळली. तासाभरात काम फत्ते. गाडी चालू केली तर पूर्वीपेक्षा जोरात गुरगुरली. मी हिला खाली बोलावून तो आवाज ऐकवला. "बघ, कशी मोकळी झाली!"

"मोकळी झाली की रागावली?" ही म्हणाली आणि वर गेली.

या सगळ्यात एक बारीकशी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. त्या नळ्यांतून पेट्रोल जातच नव्हतं. त्यांतून काहीच जात नव्हतं. 'काहीच' हेच त्यांतून जायचं असतं.

आता कबूल करायला हरकत नाही. मी ३१ वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, आणि माझा हातखंडा धडा निर्वाताचा. १६४३ साली टोरिचेल्लीनं पाऱ्यानं भरलेली नळी उलटी केली, पारा ७६ सेंटिमीटरला येऊन थांबला आणि त्याच्या डोक्यावर जी रिकामी जागा उरली तिनं युरोपातल्या पंडितांची झोप उडवली, हे मी असं सांगायचो की मागच्या बाकावरचेही जागे व्हायचे. मग माग्डेबुर्गचे नगराध्यक्ष ऑटो फॉन गेरिके यायचे. त्यांनी तांब्याचे दोन पोकळ अर्धगोल एकमेकांना लावून आतली हवा काढली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले, तरी ते सुटेनात. नगराध्यक्षानं स्वतःच्या हातानं काही काम करून दाखवल्याचं उदाहरण म्हणूनही पोरांना तो धडा आवडायचा. प्रयोगशाळेत आमच्याकडे त्या गोलांची लहान पितळी जोडी होती. दोन धट्टीकट्टी मुलं दोन्हीकडून ओढायची, तोंडं लाल व्हायची, आणि मग मी झडप किंचित उघडायचो. स्स् करून हवा आत शिरायची आणि दोघं दोन दिशांना पडायची. असा मी निर्वाताचा जाणकार. घरच्या गाडीत निर्वात कुठून कुठे जातो हे मात्र मला कधी कोणी विचारलं नव्हतं.

गाडी बंद पडल्याची बातमी इमारतीत माझ्या आधी पोचली होती. संध्याकाळी पार्किंगमध्ये वैद्यकीय मंडळ जमलं. तळमजल्यावरचे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी बॉनेटमध्ये न पाहताच सांगितलं, पाणी. इथेनॉल पाणी ओढून घेतं, ते टाकीच्या तळाशी बसतं आणि मग ही अशी बोंब. सगळी टाकी उपसा. टेलिफोन खात्यातल्यांनी मान हलवली. पाणी नाही, वायर. कुठंतरी करंट लीक होतोय, रात्री अंधारात बॉनेट उघडून बघा, ठिणग्या नाचताना दिसतील. तिसऱ्या मजल्यावरचे विमावाले म्हणाले, गाडीचा विमा आहे ना, मग तिला एखाद्या पावसात नदीपात्रात लावून ठेवा. चौथा एक तरुण मुलगा मोबाइलवर बोलत बोलत थांबला, म्हणाला, "इथेनॉल, काका," आणि गेला. हल्ली दाढदुखीलाही लोक इथेनॉलच जबाबदार धरतात.

मी त्या रात्री खरोखरच पार्किंगमधले दिवे बंद करून बॉनेट उघडून उभा राहिलो. ठिणग्या दिसल्या नाहीत. वॉचमननं मात्र सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन केला.

मग गॅरेजं सुरू झाली. पहिल्या ठिकाणी तीनही प्लग बदलले. गाडी नव्या प्लगांनी आवंढा गिळू लागली. दुसऱ्यानं प्लगच्या वायरी आणि कॉइल बदलली. तिसऱ्यानं कार्बोरेटर उतरवला, पेट्रोलच्या ताटलीत त्याचे जेट अक्षतांसारखे मांडले, हवा मारून साफ केले, पेट्रोलचा फिल्टर नवा घातला आणि वर म्हणाला, "स्लो फार वाढलाय तुमचा." म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नको तेवढं वेगात फिरत होतं. त्यानं स्क्रू पिळून तो कमी केला. गुरगुर गेली, पण आवंढ्याचा हिसका दुप्पट झाला आणि एसी लावला की गाडी हमखास मान टाकू लागली. एसीसाठी मी वेगळा माणूस गाठला. त्यानं कंप्रेसरवर कान ठेवला आणि म्हणाला, कंप्रेसर जड झालाय, बारा हजार. तेवढ्यात ही मध्ये पडली म्हणून ते बारा हजार वाचले.

एका चकचकीत जागेतला पोरगा मोठा उमदा होता. तो हातात टॅबलेट आणि वायर घेऊन आला आणि डॅशबोर्डखाली डोकं घालून शोधू लागला. दोन मिनिटं झाली, पाच झाली.

"काका, पोर्ट कुठंय?"

"कसला?"

"कंप्युटरचा. स्कॅनर लावायचाय. गाडी स्वतःच सांगते काय झालंय ते."

मी म्हटलं, बाबा रे, हिच्यात कंप्युटर नाही. तो बाहेर आला, बॉनेटमध्ये डोकावला आणि माझी मुलं डायनासोरच्या सांगाड्याकडे ज्या नजरेनं बघायची तसा कार्बोरेटरकडे बघत राहिला. त्यानं एक फोटो काढला, मित्रांना पाठवला आणि पैसे घेतले नाहीत. सबंध प्रकरणात पैसे न घेणारा तेवढा एकच.

शेवटच्या गॅरेजात निदान खऱ्या वाटेवर आलं होतं, पण दारातून परत गेलं. तो गृहस्थ म्हणाला, "गाडी कुठून तरी एअर खेचतेय." नळीला कुठे भेग पडली, गास्केट कुठे फाटलं, तर इंजिनात न मोजलेली हवा शिरते आणि पेट्रोलचं प्रमाण बिघडतं. एक किलो पेट्रोलला जवळजवळ १५ किलो हवा लागते. त्यात फुकटी हवा घुसली तर मिश्रण पातळ होतं आणि गाडी अडखळते. हे ओळखायची युक्तीही झकास आहे. इंजिन चालू ठेवून कार्बोरेटर क्लीनरचा फवारा एकेका जोडावर मारायचा. जिथं भेग असेल तिथून तो आत ओढला जातो आणि इंजिनाचा आवाज एकदम बदलतो. त्यानं अर्धा डबा संपवला. बॉनेटमधून रंगाच्या दुकानासारखा वास यायला लागला. इंजिनानं आवाजात काडीचा फरक केला नाही. गळती कुठेच नव्हती. नळ्या नव्याकोऱ्या, तारेनं आवळलेल्या, गळणार कशा? त्यानं कौतुकानं म्हटलंसुद्धा, "पाइपिंग एक नंबर आहे." मी विनयानं खाली पाहिलं.

तीन आठवडे झाले. शेवटी नाना पेठेतल्या ज्या दुकानातून नळी आणली होती त्यानंच एका मिस्त्रींचा पत्ता दिला. शनिवारी ही पण बरोबर आली. म्हणाली, किती जातात ते मला डोळ्यांनी बघायचंय.

मिस्त्री सत्तरीचे. चष्म्याच्या दांडीला दोरा बांधलेला, समोर अर्धा कप चहा. बॉनेट उघडायला ते उठलेच नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, "चालू करा. आता रेस द्या. हळू नका, एकदम." गाडीनं आवंढा गिळला. "सोडा. एसी लावा." गाडी थरथरली आणि बंद पडली.

"पळताना त्रास देते?"

"नाही. एकदा निघाली की ठणठणीत."

"निघतानाच." त्यांनी चहाचा घोट घेतला. "गाडीला शेवटचा हात कुणी लावला?"

डॉक्टरांनी 'तंबाखू खाता का' म्हणून विचारल्यावर भली भली माणसं जशी बोलतात तसा मी बोललो. म्हणजे, हात असा कुणी नाही, इकडे तिकडे थोडं दाखवलं होतं, एक पोरगा होता, त्यानं काहीतरी...

मागच्या सीटवरून चेन उघडल्याचा आवाज आला. हिनं पर्समधून हिशेबाची वही काढली होती. आमच्या घरात इतिहास दोन ठिकाणी असतो. एक माझ्या आठवणीत आणि एक त्या वहीत, आणि दोन्हींची गाठ पडली की माझा इतिहास माघार घेतो.

"रविवार, सात तारीख," ही वाचू लागली. "गाडीसाठी रबरी नळी, दीड मीटर, नव्वद रुपये. सोमवार, आठ, नळस्टॉपला धक्का. मंगळवार, नऊ, नळस्टॉपला बंद, रिक्षानं कार्यालयात, ऐंशी रुपये. बुधवार, दहा, प्लग, साडेचारशे..."

"बस, ताई," मिस्त्री म्हणाले आणि उठले.

बॉनेट उघडल्यावर ते सर्वांत आधी माझ्या तारांकडे बघून हसले. "पोरगा शिकलेला दिसतोय. दर पाइपला बरोब्बर तीन वेढे, सगळे एकाच दिशेला." प्रयोगशाळेत जोडणी कशी करावी हे मी पोरांना तसंच शिकवत असे. मी काही बोललो नाही.

डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्लगना पाळीपाळीनं ठिणगी वाटणाऱ्या त्या डेऱ्याला, एका बाजूनं पत्र्याची चपटी डबी असते. तिला लागलेली नळी त्यांनी उपटली. गाडी पुन्हा चालू केली होती, नुसती उभ्यानं फिरत होती. "सर, अंगठा ठेवा." त्यांना मी सर आहे हे कोणी सांगितलं, देव जाणे. तारेचे वेढे बोलले असावेत.

मी नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला आणि नळीनं तो धरला. शिंगरू आचळाला तोंड लावतं तसा. अंगठ्याचा मऊ भाग नळीच्या भोकात ओढला गेला, काढला तेव्हा बारीक 'टप्' आवाज झाला आणि कातडीवर गोल, पांढरं वर्तुळ उमटलं. ते हळूहळू लाल झालं. इतकी वर्षं मी पोरांना जे पितळी गोलांतून दाखवलं ते आयुष्यात प्रथमच माझ्या स्वतःच्या बोटाला लागलं.

"ओढतोय?"

"मिस्त्री, तसं बघायला गेलं तर निर्वात ओढत नाही. बाहेरच्या हवेचा दाब अंगठ्याला आत ढकलतो."

"ढकलू दे नाहीतर ओढू दे," मिस्त्री म्हणाले. "या पाइपला आत्ता काहीच व्हायला नको."

त्यांनी खिशातून एक घड्याळासारखं मीटर काढलं आणि त्या नळीला लावलं. काटा अठरावर जाऊन थांबला. अठरा इंच पारा. मी मनातल्या मनात सेंटिमीटर केले. सुमारे ४६. टोरिचेल्लीच्या ७६ पैकी ४६ सेंटिमीटरची पोकळी माझ्या गाडीत रोज तयार होत होती आणि मी तिच्यावर बसून नळस्टॉपला जात होतो.

मिस्त्रींनी मग जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो, कारण त्यांच्या भाषेत त्यात माझ्याविषयीही बरंच होतं. पिस्टन खाली जाताना हवा मागतो. पण आपण एक्सिलेटरवर पाय ठेवलेला नसतो तेव्हा हवेच्या वाटेवरची चकती, मिस्त्री तिला बटरफ्लाय म्हणतात, जवळजवळ मिटलेली असते. पिस्टन मागतो आणि वरून मिळत नाही, म्हणून चकतीच्या खालच्या बाजूला पोकळी होते. पाय पूर्ण दाबला की दार सताड उघडतं आणि पोकळी नाहीशी होते. ही पोकळी फुकटची असते, म्हणून गाड्या बनवणाऱ्यांनी तिला घरात रिकाम्या बसलेल्या दिरासारखं कामाला जुंपलं. ब्रेक दाबायला मदत कर, एसीला हात दे, ठिणगीची वेळ सांभाळ. जुन्या अमेरिकन गाड्यांचे वायपरसुद्धा याच पोकळीवर चालत. त्यामुळं मुसळधार पावसात चढावर पेडल दाबलं की नेमके वायपर मंदावत, आणि उतारावर पाय काढला की काही दिसायची गरज नसताना दणादणा फिरत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तिकडे धुराचे कायदे कडक झाले तेव्हा तर या नळ्यांचं जंगल माजलं. माझा एक मामेभाऊ त्या काळात न्यू जर्सीला गेला. त्याच्या जुन्या कार्बोरेटरवाल्या जपानी गाडीच्या बॉनेटखाली नळ्यांचा नकाशा चिकटवलेला होता. तो त्यानं एकदा मला फोटोत दाखवला. मला आधी ते टोकियोच्या रेल्वेचं जाळं वाटलं.

माझ्या गाडीत जंगल नव्हतं, दोनच नळ्यांचा प्रश्न होता. फरक एवढाच, की पोकळीचे पत्ते दोन असतात. एक नळी चकतीच्या खालून निघते. तिला इंजिन फिरू लागल्यापासून पोकळी मिळते. दुसरी निघते चकतीच्या किंचित वरच्या भोकातून. उभ्या गाडीत चकती त्या भोकाच्या खाली मिटलेली असते, म्हणून तिथं पोकळी शून्य. आपण पाय ठेवला, चकतीची कड सरकून भोकापलीकडे गेली, की मग त्या नळीला पोकळी लागते. कार्बोरेटरवर ही दोन तोंडं शेजारी शेजारी, सारख्या जाडीची, जुळ्या भावंडांसारखी. मी सगळ्या नळ्या एकदम उपटल्या आणि जुळ्यांची अदलाबदल केली.

दुसऱ्या प्रकारच्या नळीचं माझ्या गाडीतलं काम ठिणगीचं. आमच्या जुन्या वाड्यात बंब होता, त्यामुळं हे मला लगेच पटलं. लाकडं ओली असली तर आंघोळीच्या बऱ्याच आधी बंब पेटवावा लागतो, नाहीतर आंघोळीच्या वेळी पाणी कोमटच. इंजिनावर भार हलका असतो तेव्हा सिलिंडरमध्ये माल थोडा असतो आणि तो सावकाश जळतो, म्हणून ठिणगी आधी द्यावी लागते. ते काम डिस्ट्रिब्युटरवरची ती डबी करते. पोकळी लागली की आतला पडदा ओढला जातो आणि ठिणगी अलीकडे सरकते. माझ्या जोडणीत त्या डबीला उभ्या गाडीतच पोकळी मिळत होती. म्हणजे गाडी दारात उभी असतानाच बंब पेटलेला. म्हणून ती गुरगुरत होती आणि मी हिला खाली बोलावलं होतं. मग तिसऱ्या गॅरेजानं गुरगुर कमी करायला चकती नको तितकी मिटवली. एकदम पाय दिला की पोकळी कोसळायची, ठिणगी तडकाफडकी मागं सरकायची आणि गाडी आवंढा गिळायची; त्यात आता फार मिटलेल्या चकतीमुळं त्याच क्षणी पेट्रोलही वेळेवर मिळेना आणि हिसका दुप्पट झाला. एकदा निघाली की दोन्ही नळ्यांना पोकळी सारखीच मिळते, म्हणून पुढं कोथरूडपर्यंत ठणठणीत.

आणि एसी? एसी लावला की इंजिनावर ओझं येतं. ते पेलायला इंजिन थोडं उचलून धरणारी आणखी एक डबी असते, तिला उभ्या गाडीत पोकळी लागते. तिच्याकडे मी शून्याची नळी लावून दिली होती. बारा हजारांचा कंप्रेसर निर्दोष होता.

दुरुस्तीला लागलेला वेळ सांगायला लाज वाटते. मिस्त्रींनी माझे तीन-तीन वेढे सोडवले त्यालाच काय ती दोन मिनिटं लागली. नळ्या अदलून बदलून लावल्या, स्लोचा स्क्रू पाव वळसा फिरवला, मीटर पुन्हा डिस्ट्रिब्युटरच्या नळीला लावलं. काटा शून्यावर पडून राहिला. "रेस द्या." काटा उठला, गाडीही उठली. आवंढा नाही, आचका नाही. "एसी." क्षणभर आवाज खाली गेला आणि लगेच सावरला.

मी एवढा आनंदलो की मिस्त्रींना माग्डेबुर्गच्या घोड्यांची गोष्ट सांगायला लागलो. त्यांनी ती चहा संपेपर्यंत ऐकली.

"सोळा घोडे," ते म्हणाले. "आणि एकानंही विचारलं नाही, शेवटचा हात कुणी लावला."

मग ते पुन्हा बॉनेटमध्ये वाकले, मागच्या बाजूला हात घातला आणि एका जाडसर पाइपवर बोट फिरवलं. बोट ओलं झालं. त्यांनी ते हुंगलं आणि माझ्या नाकापुढं धरलं. पेट्रोल.

"बदलायचा तो हा होता, सर. तडा गेलाय बघा. इथेनॉल सोसत नाही याला."

मी वाकून पाहिलं. सहज पोचण्यासारखा नव्हता, पण अवघडही नव्हता. दोन क्लिपा, पाऊण मीटर नळी. "हे काय, उद्या रविवारच आहे," मी म्हणालो, "हा मी घरीच..."

"मिस्त्री," मागच्या सीटवरून आवाज आला, "तो आत्ताच बदला. आणि जुना आमच्याकडे देऊ नका." वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "हं, सांगा. किती लिहू?"